छोट्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधील प्रोटीन स्किमरची जुळवणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतील फ्लॅटमध्ये साधारण ६० ते २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. स्किमर बिघडला म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींत स्किमर ठणठणीत असतो. त्याच्या भोवतीच्या पाण्याची पातळी मात्र रोज बदलत असते, किंवा मालकाने एका दिवसात चार वेळा व्हॉल्व्ह फिरवलेला असतो. खालील बहुतेक उत्तरे या दोन कारणांशीच येऊन थांबतात.

स्किमर नेमके काय करतो?

पातेल्यात तूरडाळ शिजत असताना वर येणारा पिवळसर फेस आपण चमच्याने काढून टाकतो. डाळीतील प्रथिने आणि फेस आणणारे इतर घटक बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटून वर येतात म्हणून तो फेस तयार होतो. स्किमरमध्ये हेच घडते. पंप हवा आणि पाणी एकत्र घुसळून अतिशय बारीक बुडबुडे करतो. माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि शेवाळ यांतून पाण्यात मिसळलेले जे सेंद्रिय पदार्थ एका टोकाने पाण्याकडे आणि दुसऱ्या टोकाने पाण्यापासून दूर ओढले जातात, ते या बुडबुड्यांच्या कडेला जाऊन बसतात. बुडबुडे वर चढताना फेस दाटत जातो, अरुंद मानेतून वर सरकतो आणि कपात सांडतो. गोड्या पाण्यात लहान बुडबुडे एकमेकांत मिसळून चटकन मोठे होतात, तर खाऱ्या पाण्यात ते लहानच राहतात. त्यामुळे हे यंत्र गोड्या पाण्याच्या टँकमध्ये सहसा दिसत नाही.

स्किमर लावल्यावर नायट्रेट कमी होईल का?

थेट नाही. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट बुडबुड्यांना चिकटत नाहीत. ज्या पदार्थांपासून पुढे नायट्रेट तयार होणार असते, त्यांतील काही भाग कुजण्याआधीच स्किमर बाहेर काढतो. सगळे सेंद्रिय पदार्थ तो काढत नाही, त्यामुळे पाणी बदलण्याचे काम त्याच्यावर सोपवता येत नाही.

माझा टँक फक्त ६० लिटरचा आहे. मला स्किमर हवाच का?

हवाच असे नाही. दोन लहान मासे असतील, खाद्य मोजून घातले जात असेल आणि दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी न चुकता बदलले जात असेल, तर ६० लिटरचा टँक स्किमरशिवाय उत्तम चालतो. ज्यांना आठवड्याचे पाणी बदलणे जमत नाही, ज्यांच्याकडे मासे जास्त आहेत किंवा ज्यांच्या टँकच्या पाण्यावर तेलकट साय धरते, त्यांनी तो जरूर लावावा. पाण्यात प्राणवायू मिसळणे हा त्याचा दुसरा आणि आपल्याकडील उन्हाळ्यात फार मोलाचा फायदा आहे, कारण पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो.

खरेदी करताना मात्र “मोठा घेतलेला बरा” हा हिशेब येथे लागू पडत नाही. कमी माशांच्या टँकवर फार मोठा स्किमर लावला, तर त्याच्या रुंद मानेत फेस टिकून राहण्याइतके सेंद्रिय पदार्थच पाण्यात नसतात. तो दोन दिवस रिकामा चालतो, तिसऱ्या दिवशी थोडा फेस काढतो आणि पुन्हा थांबतो.

नवा स्किमर लावून चार दिवस झाले. कधी फेसच येत नाही, कधी कप पाण्याने भरून वाहतो. परत करावा का?

थांबावे. नव्या ॲक्रिलिकवर कारखान्यातील तेलकट अंश राहतो आणि तो धुऊन निघून आतील भिंतींवर जैविक थर बसेपर्यंत फेस एकसारखा येत नाही. याला काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. बसवण्याआधी कोमट पाण्यात पांढरे व्हिनेगर घालून स्किमर तासभर चालवला आणि नंतर साध्या पाण्याने धुतला, तर हा काळ कमी होतो. भांडी घासण्याचा साबण किंवा लिक्विड अजिबात वापरू नये; त्याचा किंचित अंश राहिला तरी कप दिवसभर ओसंडत राहतो. या पहिल्या दिवसांत पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवावा, म्हणजे आतील पाणी खालच्या पातळीवर राहते, आणि कप रोज पाहावा.

जुळवणी नेमकी कोठून सुरू करावी?

सम्पमधील, म्हणजे टँकखाली ठेवलेल्या दुसऱ्या टाकीतील, पाण्याच्या पातळीपासून. स्किमर जेथे उभा आहे तेथे पाणी किती खोल असावे हे त्याच्या माहितीपत्रकात दिलेले असते. लहान स्किमरना बहुधा १५ ते २० सेंटीमीटर लागते, पण आपल्या मॉडेलचा आकडा पाहूनच ठरवावे. पाणी जास्त खोल असेल तर स्किमरखाली ॲक्रिलिकचा स्टँड द्यावा. त्यानंतर सम्पच्या काचेवर बाहेरून कागदी चिकटपट्टी लावून त्या पातळीला पेन्सिलने रेघ मारावी. माझ्या टँकवर ही रेघ पाच वर्षे आहे, आणि फेस बिघडला की मी प्रथम व्हॉल्व्हकडे न बघता त्या रेघेकडे बघतो. पाणी रेघेच्या दोन बोटे खाली गेले असेल, तर जुळवणीचा प्रश्नच उरत नाही. आरओ पाणी घालून पातळी रेघेवर आणली की तासाभरात फेस जागेवर येतो.

हे बाष्पीभवन आपल्याकडे किरकोळ नसते. घोडबंदर रोडवरील उंच इमारतीत किंवा खारघरमध्ये खिडक्या उघड्या आणि पंखा सुरू असताना एप्रिल-मे महिन्यात छोट्या टँकचे पाणी एका दिवसात डोळ्यांना जाणवेल इतके उतरते. सम्पमध्ये स्किमर आणि रिटर्न पंप (पाणी वर टँकमध्ये परत चढवणारा) एकाच कप्प्यात असतील, तर ही सगळी घट त्याच कप्प्यात दिसते. म्हणून ज्याला स्किमर नीट चालवायचा आहे त्याने स्किमरवर जास्त पैसे घालण्याआधी आपोआप पाणी भरणारा टॉप-अप बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पातळी स्थिर झाली की हवेचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवावा आणि फक्त पाणी बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हने जुळवणी करावी. हा व्हॉल्व्ह बंद करत गेल्यास स्किमरच्या आतील पाणी वर चढते आणि फेस पातळ होतो. उघडत गेल्यास पाणी उतरते आणि फेस दाट होतो. स्किमरच्या पारदर्शक नळकांड्यात दुधासारखे पांढरे, बारीक बुडबुड्यांनी भरलेले पाणी दिसते आणि त्यावर मोठ्या बुडबुड्यांचा फेस दिसतो. या दोहोंमधली सीमा मानेच्या तळाशी, कप जेथे नळकांड्याला जोडला जातो त्या सुमारास, आणून ठेवावी. मग हात बाजूला घ्यावा आणि निदान २४ तास काहीही करू नये. दुसऱ्या दिवशी कप रिकामा असेल तर व्हॉल्व्ह अगदी थोडा, घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांएवढा, बंद करावा आणि पुन्हा एक दिवस थांबावे. व्हॉल्व्हवर आणि त्याशेजारच्या नळीवर मार्करने समोरासमोर ठिपके काढून ठेवले, तर किती फिरवले हे लक्षात ठेवावे लागत नाही, आणि सफाईनंतर तो पुन्हा त्याच जागी आणता येतो.

फेस ओला असावा की कोरडा?

कपातील पाणी कोऱ्या चहासारखे असेल तर फेस ओला आहे. ते काढ्यासारखे काळपट, दाट आणि उग्र वासाचे असेल तर कोरडा. ओला फेस रोज जास्त पाणी बाहेर काढतो आणि त्याबरोबर एकूण घाणही काहीशी जास्त काढतो. परंतु कपात गेलेले पाणी खारे असते आणि त्याची जागा टॉप-अपमधील गोडे पाणी घेते. मोठ्या टँकमध्ये हा फरक जाणवत नाही. १०० लिटरच्या टँकमध्ये आठवड्याला तीन लिटर खारे पाणी कपातून गेले, तर पाण्यातील मीठ त्या एका आठवड्यातच सुमारे तीन टक्क्यांनी घटते. म्हणून छोट्या टँकसाठी मधली वाट बरी : मध्यम तपकिरी, कडक चहासारखे पाणी, आणि आठवड्यातून एकदा रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजण्याच्या साधनाने) विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आहे ना, हे तपासणे.

काल व्यवस्थित होता. आज अचानक कप पाण्याने भरून वाहू लागला. का?

मागील काही तासांत पाण्यात काय गेले हे आठवावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी वापरले जाणारे कंडिशनर, विशेषतः माशांच्या अंगावरील बुळबुळीत थर राखण्यासाठी कोरफडीसारखे घटक घातलेले, हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. त्याखालोखाल येतात कोरल चिकटवण्याची इपॉक्सी पुटी, काही औषधे, नुकतेच कालवलेले आणि पुरते न विरघळलेले मीठ, आणि हाताला लागलेले क्रीम किंवा साबण. पाणी बदलताना सम्पमध्ये दोन लिटर जास्त पडले असतील, तर तेवढेही पुरते.

अशा वेळी पाण्याच्या व्हॉल्व्हची जागा बदलू नये. कप थोडा वर उचलता येत असेल तर उचलावा, नाहीतर हवेचा व्हॉल्व्ह थोडा बंद करून फेस खाली बसवावा, सम्पमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवावी आणि एक-दोन दिवस जाऊ द्यावेत. कंडिशनरचा त्रास कायमचा टाळायचा असेल, तर टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्य दाखवणाऱ्या आरओ-डीआय, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षारही काढून टाकलेल्या, पाण्यातच मीठ कालवावे. मोरबे धरणाचे पाणी असो वा भातसाचे, ते पिण्यासाठी क्लोरीनने शुद्ध केलेले असते. स्वयंपाकघरातील पिण्याच्या आरओ यंत्राचे पाणी त्यापेक्षा बरे असले, तरी त्यांतील पुष्कळ यंत्रे चवीसाठी खनिजे परत मिसळतात, त्यामुळे टीडीएस मीटर लावून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

खाद्य घातले की फेस एकदम खाली बसतो. हा बिघाड आहे का?

नाही. शिजत्या डाळीत थेंबभर तेल टाकले की उतू जाणारा फेस बसतो, तसेच हे आहे. गोठवलेल्या कोळंबीतील आणि गोळी खाद्यातील चरबी बुडबुड्यांची पातळ भिंत फोडते. काही तासांत फेस आपोआप परत येतो. गोठवलेले खाद्य गाळणीत घेऊन आरओ पाण्याने धुऊन घातले, तर फेस कमी बसतो आणि पाणीही कमी खराब होते. कोरलना बारीक खाद्य देताना मात्र अर्धा-पाऊण तास स्किमर मुद्दाम बंद ठेवावा, नाहीतर ते खाद्य थेट कपात जाते. तो पुन्हा सुरू करायची आठवण राहावी म्हणून मोबाइलवर गजर लावावा.

वीज गेली आणि परत आली की दर वेळी कप ओसंडतो. काय करावे?

वीज जाताच रिटर्न पंप थांबतो आणि वरच्या टँकमधील काही पाणी खाली सम्पमध्ये उतरते. वीज आल्यावर दोन्ही पंप एकाच क्षणी सुरू होतात, परंतु सम्पमधील पातळी उतरायला काही मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात स्किमर नेहमीपेक्षा जास्त खोल पाण्यात चालतो आणि पाणीच कपात फेकतो. जून महिन्यात पहिल्या पावसाबरोबर दिवसातून तीन वेळा वीज जाते, तेव्हा हे तिन्ही वेळा घडते. उपाय दोन आहेत : स्किमरचा प्लग पाच ते दहा मिनिटे उशिरा सुरू होईल असा टायमर लावणे, किंवा सम्पमध्ये पाणी ठरावीक पातळीच्या वर असताना स्किमर बंद ठेवणारा फ्लोट स्विच बसवणे. इन्व्हर्टर असल्यास त्यावर आधी रिटर्न पंप किंवा हवेचा पंप घ्यावा, स्किमर नंतर.

स्किमरच्या वायरला प्लगपाशी पोहोचण्याआधी खाली एक झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळलेले खारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता खाली ठिबकेल. सम्पमध्ये हात घालण्याआधी प्लग काढावा.

पावसाळ्यात सामू (पीएच) का उतरतो, आणि स्किमरचा त्याच्याशी काय संबंध?

पावसामुळे घराच्या खिडक्या बंद राहतात, माणसांच्या श्वासातून आणि गॅसच्या शेगडीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड घरात साठतो आणि स्किमर तीच हवा सतत पाण्यात घुसळतो. त्यामुळे सामू खाली येतो. स्किमरच्या हवेच्या नळीला जोड देऊन तिचे टोक खिडकीबाहेर नेले, तर बहुतेक घरांत फरक पडतो. नळी फार लांब आणि बारीक असेल तर हवा कमी ओढली जाते, म्हणून लांब अंतरासाठी थोड्या मोठ्या व्यासाची नळी घ्यावी आणि टोक पाऊस आत येणार नाही असे खाली वळवावे.

यात एक धोका आहे आणि तो आपल्या भागात खरा आहे. पावसाळ्यात डासांसाठी सोसायटीच्या आवारात धूरफवारणी होते, आणि त्या वेळी नळी बाहेर असेल तर स्किमर कीटकनाशकाचा धूर ओढून थेट पाण्यात मिसळतो. कोळंबी आणि खेकडे हे अतिशय संवेदनशील असतात. फवारणीच्या गाडीचा आवाज कानावर पडताच स्किमर बंद करावा, खिडक्या लावाव्यात आणि धूर पूर्ण विरेपर्यंत तो बंदच ठेवावा. तोवर वरच्या पाण्याची हालचाल सुरू राहू द्यावी. घरातील पेस्ट कंट्रोल, डासांची कॉइल, धूप आणि दिवाळीतील फटाक्यांचा धूर यांनाही हेच लागू आहे. देवघर टँकच्या जवळ असेल तर हवेची नळी निदान दुसऱ्या खोलीच्या दिशेला न्यावी.

टँकमध्ये सगळीकडे बारीक बुडबुडे दिसतात. कसे थांबवावेत?

नवा स्किमर असेल तर दोन आठवडे वाट पाहावी. त्यानंतरही बुडबुडे दिसत असतील, तर स्किमरचे बाहेर पडणारे पाणी रिटर्न पंपाच्या तोंडाशी पडत नाही ना हे पाहावे. दोहोंमध्ये काचेची आडवी पट्टी किंवा स्पंज असला की बुडबुड्यांना वर येऊन फुटायला वेळ मिळतो. हा स्पंज दोन-तीन दिवसांनी धुवावा लागतो.

माझ्याकडे सम्प नाही. टँकच्या मागे टांगायचा स्किमर आहे. त्याची जुळवणी वेगळी असते का?

तत्त्व तेच, फक्त येथे टँकच हा सम्प आहे. काचेवरील रेघ टँकच्या पाण्याला लागू करावी. टांगलेला स्किमर सरळ उभा आहे ना, हे पाहावे. तो थोडाही कलला तर मानेच्या एका बाजूने पाणी चढते. ओसंडल्यास पाणी थेट भिंतीवर आणि फरशीवर येते, म्हणून शक्य असेल तर कपाच्या तळातील नळी एखाद्या झाकणाच्या बरणीत सोडावी. लाकडी एअरस्टोनवर चालणारे लहान स्किमर स्वस्त असतात आणि चांगले चालतात, पण ते लाकूड काही आठवड्यांत फुगून बुडबुडे मोठे करू लागते आणि बदलावे लागते.

सफाई किती वेळा करावी?

कपाची मान दर दोन-तीन दिवसांनी. मानेच्या आतील बाजूस चॉकलेटी, चरबीसारखा थर बसतो आणि तोच पुढचा फेस फोडत राहतो, त्यामुळे कप अर्धाच भरलेला असला तरी मान पुसून घ्यावी. जुना टूथब्रश आणि साधे पाणी पुरते. मान स्वच्छ केल्यावर काही तास फेस कमी चढतो, हे स्वाभाविक आहे.

हवेची नळी जेथे पंपाला जोडली जाते तेथे मिठाचे खडे जमतात आणि हवा हळूहळू कमी होत जाते. फेस आठवड्यागणिक कमी होत असेल, तर नळीच्या तोंडावर बोट ठेवून ओढ जाणवते का ते पाहावे, आणि स्किमर सुरू असतानाच त्या नळीतून थोडे कोमट आरओ पाणी आत जाऊ द्यावे. बहुतेक वेळा खडे विरघळून ओढ परत येते. दोन-तीन महिन्यांनी पंप उघडून इम्पेलर (पंपातील फिरती चक्री) व्हिनेगर आणि पाण्यात भिजवावा, म्हणजे त्यावरचा पांढरा कॅल्शियमचा थर सुटतो. इम्पेलरचा दांडा बहुधा सिरॅमिकचा असतो आणि वाकवला तर काडीसारखा मोडतो, त्यामुळे तो सरळ ओढून काढावा. पंप घरघर करू लागला असेल, तर हीच सफाई आधी करून पाहावी.

वीज वाचवण्यासाठी रात्री बंद ठेवला तर?

ठेवू नये. रात्री शेवाळ प्राणवायू देत नाही, उलट वापरते, आणि नेमक्या त्याच वेळी पाण्याला स्किमरच्या हवेची गरज असते. १० वॉटचा पंप चोवीस तास चालला तरी महिन्याला साधारण सात युनिट वीज लागते.

वाशीच्या खाडीचे पाणी वापरले तर मिठाचा खर्च वाचेल का?

वापरू नये. खाडीचे पाणी समुद्राइतके खारट नसते, पावसाळ्यात तर ते फारच गोडे होते, आणि त्यात सांडपाण्याबरोबर आलेले साबण व गाळ असतात. स्किमर अशा पाण्यात तासाभरात कप भरतो, आणि ते पाहून काहींना तो उत्तम चालला आहे असे वाटते.

गणपतीला आठवडाभर गावी जायचे आहे. स्किमर कसा ठेवावा?

एका वर्षी मी निघायच्या सकाळी घाईने पाणी बदलले, नळाचे पाणी आणि कंडिशनर वापरून, कप स्वच्छ धुतला आणि कोकणात गेलो. सहा दिवसांनी दार उघडले तेव्हा टँकखालचे कपाट ओले होते, टॉप-अपचा २५ लिटरचा कॅन जवळजवळ कोरडा होता, आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ वरून १.०२२ वर आले होते. स्किमर खारे पाणी बाहेर फेकत गेला आणि टॉप-अप त्याच्या जागी गोडे पाणी भरत गेला; दोन्ही यंत्रांनी आपापले काम चोख केले होते. मासे वाचले, एक कोळंबी दगावली.

तेव्हापासून मी निघण्याआधीचे चार दिवस टँकमध्ये काहीही नवे घालत नाही आणि पाणी बदलत नाही. आदल्या दिवशी मान पुसतो, पाण्याचा व्हॉल्व्ह नेहमीच्या खुणेपेक्षा थोडा जास्त उघडून फेस कोरडा ठेवतो, आणि कपाची नळी पाच लिटरच्या बरणीत सोडतो. या बरणीच्या तोंडाशी एक छोटा फ्लोट स्विच आहे, आणि बरणी भरली की तो स्किमर बंद करतो. वरच्या पाण्यात हालचाल राहावी म्हणून एक वेव्हमेकर वेगळ्या प्लगवर सुरू असतो. शेजाऱ्यांकडे किल्ली देताना खाद्याच्या पुड्या दिवसागणिक वेगळ्या बांधून देतो, आणि स्किमरला हात न लावण्याची विनंती करतो.